जोडीदाराचा स्किल्ड वर्कर व्हिसा गेला, आता डिपेंडंटने काय करायचं (यूके, पायरी पायरीने)

हा लेख यूकेमधल्या डिपेंडंट पार्टनरसाठी आहे. म्हणजे तुमचा नवरा किंवा बायको स्किल्ड वर्कर व्हिसावर (कंपनीने स्पॉन्सर केलेल्या नोकरीचा व्हिसा) आहे, तुम्ही त्याच्यामागोमाग डिपेंडंट म्हणून आलात, आणि आता त्याची नोकरी गेलीये किंवा त्याच्या कंपनीचं स्पॉन्सर लायसन्सच (परदेशी माणूस नोकरीवर ठेवायचा परवाना) होम ऑफिसने, म्हणजे व्हिसे बघणाऱ्या सरकारी खात्याने, काढून घेतलंय. अमेरिकेतल्या एच-फोरवाल्यांनी (तिकडचा डिपेंडंट व्हिसा) यातलं काही स्वतःला लावू नका, तिकडचं सगळं वेगळं आहे, आणि खरं तर अर्धा गोंधळ तिथूनच येतो, कारण न्यू जर्सीतली मावसबहीण तिकडचे ६० दिवस सांगते आणि स्लाउमधली वहिनी तेच इकडे मोजायला लागते.

दुसरा गोंधळ जास्त महागात पडतो. "त्याचं झालं की माझं आपोआप होईल" असं आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक डिपेंडंट धरून चालते. जाताना जवळजवळ आपोआप जातं हो, त्याची परवानगी रद्द झाली की त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचीही रद्द करता येते आणि बहुतेकदा करतातच. येताना मात्र काहीही आपोआप येत नाही. तुमचं अकाउंट वेगळं, तुमचं पत्र वेगळं, तुमचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, तारीखही वेगळी असू शकते. खाली जो क्रम दिलाय तो मुद्दाम तसा आहे, मागचं पुढे केलंत तर दिवस वाया जातात.

## टप्पा १: तुम्ही नक्की कुठे उभे आहात ते ठरवा

घडतं ते असं. नोकरी संपली की कंपनीने होम ऑफिसच्या सिस्टिमवर १० कामकाजाच्या दिवसांत ते कळवायचं असतं. मग होम ऑफिस फाईल उघडतं आणि मेन अप्लिकंटला (ज्याच्या नोकरीवर व्हिसा आहे त्याला) पत्र पाठवतं की तुझी परवानगी आता अमुक तारखेला संपेल. साधारण ६० दिवस देतात, आणि मुळातच व्हिसाचे ६० पेक्षा कमी दिवस उरले असतील तर जेवढे उरलेत तेवढेच. यालाच आपले लोक कर्टेलमेंट लेटर किंवा "साठ दिवसांचं लेटर" म्हणतात.

म्हणजे इथे ६० दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजायचे नाहीत, पत्रातली तारीख बघायची. नोकरी जाणं आणि पत्र येणं यात कधी काही आठवडे जातात, कधी महिने. त्या मधल्या काळात कागदावर तुमची जुनीच तारीख चालू असते. काहीजण हे कळलं की निवांत होतात आणि पत्राची वाट बघत बसतात, आणि काहीजण उलट नोकरी गेल्यापासून ६० मोजून घाबरून सामान विकायला काढतात, मी दोन्ही प्रकार बघितलेत. पत्र यायच्या आधीचा काळ हा तुम्हाला फुकट मिळालेला तयारीचा काळ आहे, तो तयारीतच घालवा.

लायसन्सचं प्रकरण असेल तर सस्पेंड आणि रिव्होक यात फरक करा. सस्पेंड म्हणजे चौकशी चालू आहे, कर्मचाऱ्याची परवानगी त्यामुळे लगेच जात नाही. रिव्होक म्हणजे लायसन्स गेलं, मग पत्रं निघतात. आणि कर्मचारी स्वतः त्या घोटाळ्यात सामील होता असं होम ऑफिसला वाटलं तर ६० दिवससुद्धा मिळत नाहीत, परवानगी तात्काळ रद्द होऊ शकते. कंपनीचं नाव लायसन्स असलेल्या स्पॉन्सरच्या यादीत अजून आहे का ते सरकारी साईटवर कुणालाही बघता येतं, एचआरच्या सांगण्यावर राहू नका, स्वतः बघा.

या काळात काम कोण करू शकतं: डिपेंडंट पार्टनर स्वतःच्या परवानगीची तारीख असेपर्यंत नोकरी करू शकतो, व्यावसायिक खेळाडू किंवा कोच सोडून जवळपास कुठलीही. मेन अप्लिकंट मात्र दुसरीकडे काम करू शकत नाही, कारण त्याची परवानगी त्या एका स्पॉन्सरला बांधलेली आहे. "तोपर्यंत वेअरहाऊसमधे कॅशवर चार शिफ्ट मारतो" हे करू देऊ नका, नंतरचा अर्ज त्यावरच अडकतो आणि त्याच्यासोबत तुमचाही.

थांबा, लिहून काढा: एका कागदावर नोकरीचा शेवटचा दिवस, त्याच्या ई-व्हिसावरची (सरकारी साईटवरची व्हिसाची नोंद) तारीख, तुमच्या ई-व्हिसावरची तारीख, आणि मुलं असतील तर प्रत्येकाची वेगळी. तुम्ही मागाहून आला असाल तर सगळ्या तारखा सारख्याच असतील असं धरू नका.

## टप्पा २: त्याच दिवशी अकाउंट आणि ईमेल ताब्यात घ्या

हा टप्पा लोकांना फालतू वाटतो, आणि माझे स्वतःचे १९ दिवस इथेच गेले.

आमचा मूळ अर्ज नवऱ्याच्या कंपनीने नेमलेल्या वकिलाने भरला होता, आणि माझ्या अकाउंटला ईमेल टाकला होता त्या वकिलाच्या ऑफिसचा. नोकरी गेली, कंपनी आणि वकील यांचं काम संपलं, आणि माझं पत्र त्या ईमेलवर जाऊन पडलं. नवऱ्याचं पत्र त्याच्या स्वतःच्या जीमेलवर आलं होतं म्हणून आम्हाला वाटलं माझं अजून यायचंय. १९ दिवसांनी सहज ई-व्हिसा उघडून बघितला तर तारीख बदललेली. ईमेल वाचला नाही म्हणून तारीख पुढे सरकत नाही, हे मी तेव्हा शिकले.

त्यामुळे:

- दोघांच्या यूकेव्हीआय (होम ऑफिसचा व्हिसा विभाग) अकाउंटमधे वेगवेगळं लॉगिन करा, ईमेल आणि फोन नंबर तुमचा स्वतःचा टाका. एजंटचा नको, कंपनीचा नको, आणि शक्यतो नवऱ्याचाही नको.
- पासपोर्ट नवीन झाला असेल तर तो अकाउंटला जोडलाय का बघा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललेल्या बायकांनी हे दोनदा बघावं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं आणि लग्नानंतर नवऱ्याचं होतं, मग अकाउंटमधे एक नाव, पासपोर्टवर दुसरं आणि लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच असं होऊन बसतं.
- ई-व्हिसाच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवा. जुन्या प्लास्टिकच्या बीआरपी कार्डावर ३१ डिसेंबर २०२४ छापलंय, त्या तारखेवर काही ठरवू नका, खरी तारीख ई-व्हिसावरची.
- पत्ता बदललात की तोही लगेच. नोकरी गेली की लोक घर स्वस्तातलं बघतात आणि पत्ता कळवायचा राहतो.
- कंपनीचं लॉगिन बंद व्हायच्या आत नवऱ्याला सगळ्या पेस्लिप, कॉन्ट्रॅक्ट, राजीनामा किंवा टर्मिनेशनचं पत्र आणि जुन्या सीओएसचा (कंपनीने दिलेलं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट) नंबर उतरवून घ्यायला सांगा. पी-४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार आणि कराचा कागद) मागून घ्या.

पुढचे दोन महिने दर दोन दिवसांनी दोघांचेही ई-व्हिसा उघडून तारीख बघायची. स्पॅम फोल्डरसुद्धा.

## टप्पा ३: पैसे आजच बाजूला ठेवा, कारण २८ दिवस लवकर संपवता येत नाहीत

कागद धावपळ करून जमवता येतात, भाषांतर दोन दिवसांत होतं, पण २८ दिवस म्हणजे २८ दिवस. म्हणून हे कागदपत्रांच्या आधी.

नवीन अर्ज करताना खर्चाला पैसे आहेत हे दाखवावं लागतं: मेन अप्लिकंटचे १,२७० पौंड, पार्टनरचे २८५, पहिल्या मुलाचे ३१५, पुढच्या प्रत्येक मुलाचे २००. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, मधे एक दिवस जरी खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा.

आता खरा खड्डा. परवानगीवर यूकेमधे १२ महिने किंवा जास्त झाले असतील तर हे पैसे दाखवावे लागत नाहीत. नवऱ्याला तीन वर्षं झालेली असतात, तो म्हणतो आपल्याला लागू नाही. पण तुम्ही मागाहून आलेल्या असता, लग्न गेल्या डिसेंबरात झालं, व्हिसा मार्चमधे आला, म्हणजे तुमचे १२ महिने भरलेलेच नाहीत. प्रत्येकाचे १२ महिने वेगळे मोजायचे. नवीन कंपनी सीओएसवर तुमच्या खर्चाची हमी घेत असेल तर सुटका होते, पण ती हमी डिपेंडंटसाठीही हवी, फक्त त्याच्यासाठी घेतली तर तुम्हाला उपयोग नाही. कंपनीला हे नीट शब्दांत विचारा, ते बऱ्याचदा विसरतात.

फीचा अंदाजही आत्ताच करा. हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे) मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलाला ७७६. तीन वर्षांचा व्हिसा म्हटला की दोघांचे मिळून ६,२१० पौंड नुसत्या सरचार्जचे, अर्जाची फी त्यावर वेगळी (ती त्या दिवशी सरकारी साईटवर बघा, बदलत असते). हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना सरचार्ज नाही. आणि जुन्या व्हिसाची उरलेली वर्षं वाया गेली म्हणून आधी भरलेला सरचार्ज परत मिळत नाही, तो धरून हिशोब करू नका. भारतातून पैसे मागवायचे असतील तर आजच सांगा, नोकरी गेल्याचं आईबाबांना सांगायचं नाही म्हणून लोक हे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि मग २८ दिवसही गेलेले असतात.

तपासा: पैसे ठेवलेल्या खात्यावर डायरेक्ट डेबिट आहेत का? काउन्सिल टॅक्स किंवा विजेच्या बिलाने बॅलन्स खाली गेला तर सगळं मुसळ केरात. वेगळं खातं उघडून त्यात थोडे जास्तच टाकून ठेवा, आणि नाव तुमचं असू दे किंवा जॉइंट.

## टप्पा ४: रस्ता निवडा

इथे घाई नको पण आठवड्याच्या आत निर्णय हवा. रस्ते मोजके आहेत.

### पहिला रस्ता: त्यालाच नवीन स्पॉन्सर

सगळ्यात सरळ. नवीन कंपनीने सीओएस द्यायचा, त्याने नवीन अर्ज करायचा, तुम्ही सोबत तुमचा अर्ज करायचा. सीओएस दिल्यापासून तीन महिन्यांत वापरावा लागतो. त्याने नवीन नोकरी मंजुरी आल्यावरच सुरू करायची, अर्ज टाकला म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायचं नाही, अमेरिकेसारखं इथे नाही.

पगाराची साधारण मर्यादा २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे, किंवा त्या कामाचा ठरलेला दर, जो जास्त असेल तो. जे आधीपासून या रस्त्यावर आहेत त्यांना काही सवलतीच्या अटी लागू होतात, पण परवानगीत खंड पडला तर त्या सवलती हातच्या जातात. मुदत संपायच्या आत अर्ज करण्याचं हे आणखी एक कारण, नुसतं ओव्हरस्टे (मुदत संपल्यावर राहणं) टाळायला नाही.

### दुसरा रस्ता: अदलाबदल, म्हणजे आता तुम्ही मेन

हा रस्ता लोकांच्या डोक्यातच येत नाही, विशेषतः जिथे बायको डिपेंडंट आहे. ती इथे दोन वर्षं चांगल्या कंपनीत डेटा अ‍ॅनलिस्ट म्हणून काम करतेय, तिच्या कंपनीकडे लायसन्सही आहे, आणि दोघं मिळून फक्त त्याच्यासाठी नोकऱ्या शोधतायत. डिपेंडंट व्हिसावरून देशाबाहेर न जाता स्किल्ड वर्करमधे जाता येतं. तुमच्या मॅनेजरला आजच विचारा, कंपनी स्पॉन्सर करेल का. विचारायला लाज वाटते हे मला माहितीये, मलाही वाटली होती, तरी विचारा. मग तो तुमचा डिपेंडंट म्हणून अर्ज करतो.

पण अटी नीट वाचा, इथे चुका जास्त होतात:

काम पदवी पातळीचं हवं. २२ जुलै २०२५ नंतर या रस्त्यावर नव्याने येणाऱ्यांना त्याखालची कामं फक्त ठराविक यादीतली चालतात, आणि त्या कामांवर नव्याने आलेल्यांना डिपेंडंट ठेवता येत नाही. म्हणजे तुम्ही वाचता पण जोडीदाराला जावं लागतं.

केअर वर्करचं (वृद्ध, आजारी लोकांची देखभाल करणारे) तर फारच जपून. तो ११ मार्च २०२४ च्या आधीपासून केअर वर्कर म्हणून आहे म्हणून तुम्ही डिपेंडंट राहू शकलात, त्यानेच दुसरा केअर स्पॉन्सर मिळवला तर तुमचं चालू राहू शकतं. पण तुम्ही स्वतः आता केअर वर्कर म्हणून मेन झालात तर तो तुमचा डिपेंडंट होऊ शकत नाही. शिवाय देशातल्या देशात केअरमधे जायला त्या स्पॉन्सरकडे आधी निदान तीन महिने कायदेशीर काम केलेलं असावं लागतं. एका जोडप्याने हे न बघता अदलाबदल केली आणि शेवटी नवऱ्याला एकट्याला नाशिकला परतावं लागलं. केअरमधे असाल तर आधी त्याच्यासाठीच स्पॉन्सर शोधा. इंग्लंडमधल्या केअर कंपन्यांनी नवीन माणूस घेण्याआधी इथे स्पॉन्सर गमावलेल्यांमधून घ्यायचा प्रयत्न करावा असा नियम ९ एप्रिल २०२५ पासून आहे, आणि त्यासाठी विभागवार मदत करणाऱ्या सरकारी भागीदारी संस्था आहेत, त्यांच्याकडे नाव नोंदवा.

इंग्रजीचा पुरावा. डिपेंडंट म्हणून तो कधी लागला नव्हता, मेन म्हणून लागतो, ८ जानेवारी २०२६ पासून नव्याने येणाऱ्यांना बी-टू पातळीचा. यूकेची पदवी असेल तर प्रश्न नाही. पुणे किंवा मुंबई विद्यापीठाची इंग्रजी माध्यमाची पदवी असेल तर एकटिसकडून (परदेशी पदव्या तपासणारी संस्था) खात्रीचं पत्र घ्यावं लागतं, नुसती मार्कशीट चालत नाही. दोन्ही नसेल तर परीक्षा, आणि तिचा स्लॉट आजच बघा.

कायमच्या वास्तव्याची वर्षं. डिपेंडंट म्हणून काढलेली वर्षं तुमच्या स्किल्ड वर्करच्या हिशोबात धरत नाहीत, तुमची मोजणी नव्याने आणि त्याची डिपेंडंट म्हणून मोजणीही नव्याने. चार वर्षं झालेल्यांना हे फार लागतं. तरी ६० दिवसांवर आलेल्या माणसाने आधी राहायचं बघावं असं माझं मत आहे.

### तिसरा रस्ता: शिक्षण किंवा दुसरा व्हिसा

"मी एमएस्सीला अ‍ॅडमिशन घेते आणि नवरा माझा डिपेंडंट होईल" हे जानेवारी २०२४ पासून बंद आहे. वर्गात शिकायच्या मास्टर्सवर डिपेंडंट ठेवता येत नाही, पीएचडी किंवा संशोधनाच्या कोर्सवरच. तुम्ही एकट्या राहाल, आणि फीसाठी गाव विकावं लागेल ते वेगळं.

"टूरिस्टवर बदलून घेऊ, तोपर्यंत नोकरी मिळेल" हेही नाही. देशात बसून व्हिजिटर व्हिसावर बदलता येत नाही, आणि बाहेर जाऊन व्हिजिटर म्हणून परत आलात तर व्हिजिटरवरून स्किल्ड वर्करमधे जाता येत नाही. अमेरिकेतल्या लोकांचा सल्ला इथे पुन्हा घात करतो.

### चौथा रस्ता: परत जाणं

त्याबद्दल शेवटी. हा रस्ता निवडणं म्हणजे हरणं असं मानू नका, वेळेत गेलात तर परत यायचं दार उघडं राहतं.

सावध: सीओएस विकत मिळतो म्हणून कुणी फोन केला तर ठेवून द्या. घाबरलेल्या डिपेंडंटला बरोबर हेरतात. लाखो रुपये देऊन घेतलेल्या सीओएसमागे नोकरीच नसते, मग ते लायसन्सही जातं आणि या वेळी सामील असल्याचा शिक्का तुमच्यावर बसतो.

## टप्पा ५: पत्र आलं की

पूर्ण वाचा. पत्र कुणाच्या नावे आहे, त्यात कुणाकुणाची नावं आहेत, कारण काय दिलंय, आणि परवानगी संपायची तारीख. पत्रावरची तारीख आणि ई-व्हिसावरची तारीख जुळते का बघा. जुळत नसेल तर जी आधीची असेल ती धरून चाला आणि दुरुस्तीसाठी लगेच लिहा.

फक्त त्यालाच पत्र आलं आणि तुम्हाला नाही, तर? टप्पा २ पुन्हा करा, ते कुठेतरी पडलं नाहीये ना. खरंच आलं नसेल तर खुश होऊ नका, तुमचंही येऊ शकतं आणि तोपर्यंत तुम्ही ज्याच्या आधारावर आहात तो आधार गेलेलाच आहे. त्याचीच तारीख तुमची शेवटची तारीख समजा.

आणि कधी उलटंही होतं, त्याला नवीन कंपनीचा व्हिसा मिळालेला असतो आणि जुन्या कंपनीच्या रिपोर्टवरून उशिरा पत्र निघतं. त्याकडे "चुकून आलंय" म्हणून दुर्लक्ष करू नका, नवीन मंजुरीचं पत्र जोडून लेखी कळवा आणि पोच ठेवा.

भारतात जाऊ नका. नोकरी गेल्यापासून नवीन मंजुरी मिळेपर्यंत, दोघांनीही. दिवाळी असो, चुलत दिराचं लग्न असो. तुम्ही देशाबाहेर असताना परवानगी रद्द झाली तर ६० दिवस मिळतीलच असं नाही, आणि परत येताना हीथ्रोच्या काउंटरवर "जोडीदार आत्ता कुठे काम करतो" हा प्रश्न आला तर उत्तर काय देणार. घरात आजारपण असेल तर तो वेगळा निर्णय, पण परिणाम माहीत असून घ्या.

## टप्पा ६: तुमचा अर्ज

क्रम असा ठेवा: आधी मेनचा फॉर्म भरून सबमिट आणि पेमेंट, मग त्याच दिवशी, त्याच बैठकीत, तुमचा आणि मुलांचा, मेनच्या अर्जाचा नंबर टाकून. तुमचा अर्ज त्याच्या अर्जावर उभा असतो, त्याचा फेटाळला तर तुमचाही जातो, म्हणून त्याचा फॉर्म तुम्हीही वाचा.

"त्याचा होऊ दे, मग माझा करू" यात माझ्या माहितीतल्या सगळ्यात जास्त बायका अडकल्यात. त्याची मंजुरी यायला आठ आठवडे लागू शकतात, आणि तोपर्यंत तुमची तारीख उलटून जाते. त्याला नवीन व्हिसा, आणि तुम्ही ओव्हरस्टे. पैसे कमी पडतात म्हणून हे होतं बहुतेक वेळा, म्हणूनच टप्पा ३ एवढा वर ठेवलाय.

सोबतचे कागद:

- लग्नाचा दाखला. आपला नमुना ई बहुतेक ठिकाणी मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, पण जुना किंवा फक्त मराठीतला असेल तर पूर्ण भाषांतर हवं, त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क. स्वतः भाषांतर करून जोडू नका.
- एकत्र राहत असल्याचे पुरावे. टेनन्सी, काउन्सिल टॅक्स, बँक. सगळं त्याच्याच नावावर असेल तर तुमच्या नावाची जीपीची (सरकारी फॅमिली डॉक्टर), बँकेची पत्रं शोधा.
- नाव बदललं असेल तर तो धागा जोडणारा कागद.
- लागू असेल तर २८ दिवसांचं स्टेटमेंट.
- मुलांचे जन्मदाखले. इथे जन्मलं म्हणून मूल ब्रिटिश होत नाही, दोघंही तात्पुरत्या व्हिसावर असाल तर त्याचाही अर्ज लागतो.

मुदतीच्या आत अर्ज सबमिट झाला की निर्णय येईपर्यंत तुमची जुनी परवानगी जुन्याच अटींसकट कायद्याने पुढे चालू राहते, याला थ्री-सी लीव्ह म्हणतात. सबमिट म्हणजे पेमेंटसकट सबमिट, अर्धा भरून सेव्ह केलेला फॉर्म म्हणजे अर्ज नव्हे. बायोमेट्रिक नंतर दिलं तरी चालतं. निर्णय यायच्या आत देश सोडला तर अर्ज मागे घेतला असं धरतात, म्हणून मघाशी भारतात जाऊ नका म्हटलं.

शेवटच्या दिवसावर ठेवू नका. निदान १० दिवस आधी. पेमेंट अडकतं, कार्डची लिमिट आडवी येते, भारतातलं कार्ड ओटीपी मागतं आणि ते सिम बंद असतं.

तपासा: सबमिट झाल्यावर प्रत्येक माणसाच्या नावाची वेगळी पावती ईमेलवर आली का? घरात चार माणसं तर चार पावत्या.

## टप्पा ७: तुम्ही नोकरी करत असाल तर एचआरशी

तुमच्या कंपनीला शेअर कोडवर (ई-व्हिसा दुसऱ्याला दाखवायचा कोड) जुनी तारीख दिसते आणि ते घाबरून कामावरून कमी करायच्या गोष्टी करतात. अर्ज टाकल्याची पावती द्या आणि सांगा की होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसवर विचारणा करा. तिथून कंपनीला होकाराचं पत्र मिळतं, ते सहा महिने चालतं, त्यावर ते तुम्हाला कायदेशीर ठेवू शकतात. हे तारीख संपायच्या दिवशी नाही, आधी सांगा. अर्ज टाकायच्या आत ही सोय नाही.

## मधेच एक, पण महत्त्वाचं

घरात मारहाण, धमक्या, पासपोर्ट लपवणं चालू असेल आणि "माझा व्हिसा गेला, आता तुझाही गेला, जाशील कुठे" असं ऐकवलं जात असेल तर वरचे टप्पे बाजूला ठेवा. १६ फेब्रुवारी २०२४ पासून कामगारांच्या आणि विद्यार्थ्यांच्या डिपेंडंट पार्टनरनाही घरगुती छळासाठीच्या खास सवलतीत तीन महिन्यांची वेगळी परवानगी आणि सरकारी मदत मिळू शकते. ती घेतली की जुना व्हिसा राहत नाही, म्हणून आधी सल्ला घ्या, पण जीव आधी. धोका असेल तर पोलिसांना ९९९ वर फोन.

सल्ला कुणाचा घ्यायचा हेही इथेच सांगते. सॉलिसिटर, किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार (आधीचं नाव ओआयएससी, जानेवारी २०२५ पासून बदललं). त्यांची यादी सगळ्यांना बघता येते. डेक्कनवरचा एजंट तुमचा मूळ व्हिसा करून देऊ शकला असेल, पण हे प्रकरण त्याच्या आवाक्यातलं नसतं. पत्र आल्यावर एकदा तासाभराचा पैसे देऊन सल्ला घेणं मी कुणालाही सांगेन, पत्र, दोघांच्या तारखा आणि निवडलेला रस्ता घेऊन जा, म्हणजे तो तास तुमची गोष्ट सांगण्यात जात नाही.

## टप्पा ८: जायचं ठरलं तर

पत्रातल्या तारखेच्या आत निघा. मुदत संपल्यावर राहणं हा गुन्हा आहे. ३० दिवसांपेक्षा जास्त उलटले तर स्वखर्चाने गेलात तरी पुढचे १२ महिने बहुतेक व्हिसे नाकारतात. अर्ज हुकला असेल आणि मुदत संपून १४ दिवसांच्या आत असाल, तर तुमच्या हाताबाहेरचं ठोस कारण आणि पुरावे असल्यास अर्जाचा विचार होऊ शकतो, पण हॉस्पिटलात होते यासारखं कारण लागतं, "माहीत नव्हतं" हे कारण नाही.

निघायच्या आधी घराची नोटीस (बऱ्याच भाडेकरारांत एक किंवा दोन महिने), डिपॉझिट, काउन्सिल टॅक्स बंद करणं, मुलांच्या शाळेचं पत्र आणि रिपोर्ट, जीपीकडून लसीकरणाची नोंद, कर जास्त कापला गेला असेल तर पी-८५ फॉर्म भरून परतावा. यूकेव्हीआय अकाउंट आणि तो ईमेल चालू ठेवा, पुढच्या अर्जाला लागेल. विमानात बसल्यावर दोघांचे आणि मुलांचे बोर्डिंग पासचे फोटो काढा, मुंबईत उतरल्यावर पासपोर्टवर जो शिक्का बसेल त्याचाही, आणि हे सगळं त्या पत्राच्या पीडीएफसोबत एकाच फोल्डरमधे ठेवा.